रेघ दिसली, मी थांबवलं

मी सिंगापूरच्या तुआस भागात लोखंडाचे एक्स-रे वाचायची. काय काम करतेस असं कुणी विचारलं की एवढंच सांगायची. त्यापुढचं सांगायला लागले की ऐकणाऱ्याची नजर इकडेतिकडे जायची. आमच्या यार्डात जाड पोलादी टाक्या बनत, बसपेक्षा मोठ्या, प्रचंड दाबाचा वायू साठवणाऱ्या. दोन पत्रे जिथे वेल्डिंगने जोडलेले असत तिथल्या प्रत्येक जोडाची क्ष-किरणांनी फिल्म काढत. ती फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवायची आणि आत कुठे भेग गेली आहे का, पोकळी राहिली आहे का, ते शोधायचं. शोधणारी मी आणि रिपोर्टाखाली सही करणारीही मीच. माझी सही झाल्याशिवाय टाकी यार्डाच्या फाटकाबाहेर जात नसे.

ऐकायला हे काम मोठं रुबाबाचं वाटतं. प्रत्यक्षात मी इतकी घाबरट होते की आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

त्याला कारण घडलं होतं. २०१२ मध्ये आम्ही सिंगापूरला आलो आणि पहिल्याच वर्षी मी एक जोड नापास केला. फिल्मवर चंद्रकोरीसारखी काळी खूण होती आणि मी ती भेग आहे असं लिहून दिलं. वेल्डरने दोन दिवस घासून घासून जोड उघडला. आत स्वच्छ, चकचकीत पोलाद. फिल्म हाताळताना वाकली होती, त्याची ती खूण होती, आणि अनुभवी माणसाने ती ओळखायला हवी होती. आमचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. त्या दिवसापासून मीटिंगला आत शिरताना तो मला विचारू लागला, "मॅडम, आज भूत दिसलं का?" सगळे हसायचे. मीही हसायची, आणि तेच चुकत होतं.

त्यानंतर मी प्रत्येक फिल्म तीनतीनदा बघू लागले. सही केली की परत जाऊन कागद उघडून बघायची. हे घरापर्यंत आलं. पुंगोलच्या आमच्या घरून तुआस म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. आधी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मग कंपनीची बस. त्या सगळ्या प्रवासात मी आदल्या दिवशीच्या फिल्म डोळ्यांपुढे आणत बसायची. साधी दोन ओळींची मेल नवऱ्याला दाखवल्याशिवाय पाठवायची नाही. सहा वर्षांच्या लेकीचं स्पेलिंग तिसऱ्यांदा तपासायला घेतलं तेव्हा ती वैतागून, तिथल्या बोलीतला 'ला' लावून म्हणाली होती, "आई, इट्स करेक्ट ला. टीचर ऑल्सो से करेक्ट."

खरं तर ते भूत त्या फिल्मच्या कितीतरी आधीपासून माझ्या मानगुटीवर होतं. मी नगरची. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, आई आसपासच्या गावांत फिरून बायकांना येशूची गोष्ट सांगणारी. शाळेत मी हुशार होते, पण पहिला नंबर आला की कुणीतरी म्हणायचंच, मिशनवाल्यांचं काय, त्यांना सगळं मिळतं. सिंगापुरात मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमाला गेलो, तर शेजारी बसलेल्या बाईंनी नाव ऐकून कौतुकाने विचारलं, "ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!" मग आवाज खाली आणून, "मूळचे कोण तुम्ही?" मूळचे म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्या दिवशी मी ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत विषय बदलला. आता विचारतील तर ताट बाजूला ठेवून सांगेन की मूळची मराठी, आणि त्याखालचं मूळ शोधायचं असेल तर खुशाल शोधा. पण तेव्हा मला वाटायचं की मी जिथे जाते तिथे मला थोडं चुकून आत घेतलेलं आहे, आणि एके दिवशी कुणीतरी येऊन बाहेर काढणार आहे.

आणि मी श्रद्धाळू होते, हे विशेष. दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायची. दर बुधवारी संध्याकाळी दोन इमारती सोडून एका फ्लॅटमध्ये आठ-दहा जणांची प्रार्थनासभा असायची, तिथेही जायची. गोल करून, हात धरून बसायचं आणि एकेकाने इंग्रजीत प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजाऱ्याचा हात हळूच दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. तीन वर्षं मी हात दाबत आले. माझं इंग्रजी त्यांच्यासारखं वाहतं नव्हतं. देवापुढेही मी व्याकरण तपासत बसले होते.

तो फ्लॅट एका चिनी आजींचा होता. सगळे त्यांना आंटी म्हणत. तीस वर्षं त्यांनी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, फिशबॉल नूडल्सचा स्टॉल चालवला होता. प्रार्थना करताना त्या देवाला गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत, थोडक्यात आणि मोठ्याने.

२०१६ साली नवऱ्याचं विद्यापीठातलं संशोधनाचं कंत्राट संपलं. नवीन काम मिळेना. तो आणि लेक, दोघं माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, राहत होते आणि त्या पासची मुदत चार महिन्यांत संपत होती. नेमक्या त्या दिवसांत, एका सोमवारी सकाळी, मला ती रेघ दिसली.

केसापेक्षा बारीक, काळी, दीडेक इंच लांब, जोडाच्या अगदी कडेने गेलेली. पहिल्या चुकीनंतर मी फिल्म तिरकी धरून बघायला शिकले होते. फिल्मच्याच वर ओरखडा असेल तर तो उजेडात चमकतो. ही रेघ चमकली नाही. ती टाकी शनिवारी बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, चढणार होती.

मी मॅनेजरला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला, पण नियमाप्रमाणे दुसरी फिल्म काढायला लावली. मंगळवारी ती आली. तिच्यावर काही नव्हतं. स्वच्छ.

"झालं," तो म्हणाला. "करा सही."

मी म्हटलं, दुसऱ्या फिल्मच्या वेळी किरणांचा कोन थोडा बदलला आहे. बारीक भेग असेल तर किरण तिच्या रेषेत गेले तरच ती दिसते, कोन हलला की दिसेनाशी होते. अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, एकदा तपासू या. तो म्हणाला, आपला अल्ट्रासॉनिकवाला पुढच्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या कामावर अडकलाय. बाहेरून माणूस मागवला तर ग्राहक विचारणार, का मागवला. बार्ज हुकणार ते वेगळंच. या टाकीसाठी ग्राहकाने मंजूर केलेल्या यादीत एकटं माझंच नाव होतं, नाहीतर त्याने केव्हाच दुसऱ्याची सही घेतली असती.

"गेल्या वेळीही तुम्हाला खात्री होती," तो शेवटी म्हणाला. आवाज चढवून नाही, समजावल्यासारखा. "गुरुवारी सकाळपर्यंत विचार करा. तुमच्या पासचे कागदही पुढच्या महिन्यात माझ्याकडेच येतील."

त्याने धमकी दिली असं मी आजही म्हणणार नाही. पण ते दुसरं वाक्य बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता. चिरलेली भाजी पातेल्यात टाकून म्हणाला, "तू ठरव. सही केलीस तरी मी काही म्हणणार नाही." त्याने प्रेमानेच म्हटलं होतं, पण मला तेच सगळ्यांत जास्त लागलं. म्हणजे मी सही करणार हे त्यानेही गृहीत धरलं होतं. मी आत जाऊन, दार लावून स्वतःलाच विचारत बसले. खात्री आहे का तुला? नाही. मग कशाच्या जोरावर एवढी टाकी अडवतेस? कशाच्याच नाही. दोन फिल्म आहेत, एकीवर रेघ आहे, एकीवर नाही. आणि त्या दोन फिल्मच्या मध्ये मी, जिला एकदा भूत दिसलं होतं.

बुधवारी आंटींच्या घरी गेले. प्रार्थनेआधी कुणाला काही विनंती आहे का, असं विचारतात. मी पहिल्यांदाच हात वर केला. जमेल तशा इंग्रजीत सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, माझ्यासाठी एवढीच प्रार्थना करा की मी बरोबर ठरू दे. ती भेग खरी निघू दे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आंटी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या.

"ही प्रार्थना मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "टाकीत भेग असावी म्हणून प्रार्थना? ज्या माणसांना ती वापरायची आहे त्यांचं काय?"

मला इतकी शरम वाटली की उठून जावंसं वाटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुला हवंय की देवाने खाली सही करावी. तो नाही करत ला. सही तुझी. तू बरोबर असलीस तरी तू त्याची, चुकलीस तरी त्याची. तेवढं आधीच ठरलेलं आहे, ते काही उद्या ठरणार नाही."

मग त्यांनी डोळे मिटले आणि अगदी लहान प्रार्थना केली, की या मुलीला आज झोप लागू दे आणि उद्या तिचे पाय लटपटू देऊ नकोस. बस. पुढच्याची पाळी.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. कृपा हा शब्द आमच्या घरात मिठासारखा रोज वापरात होता. आपण चांगले आहोत म्हणून देव आपल्याला धरत नाही, त्याने धरलंय म्हणून आपण उभे आहोत, हे आई गावोगावच्या बायकांना सांगत हिंडायची. एका गावात तिच्या अंगावर शेणाचं पाणी फेकलं होतं. ती घरी आली, लुगडं धुतलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच गावी गेली. मी तेव्हा तिला विचारलं होतं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली होती, वाटते की, पण भीतीला विचारून कुठं जायचं असतं व्हय. मी हे सगळं ऐकून, पाठ करून, परीक्षेत लिहून मोठी झाले होते आणि एकदाही ते स्वतःला लावून बघितलं नव्हतं. मला वाटायचं, विश्वास म्हणजे मनातली शंका जाणं. शंका जात नव्हती, म्हणून मी स्वतःला कच्च्या विश्वासाची समजत होते. चुकण्याची मला एवढी दहशत का होती, ते त्या बुधवारी कळलं. चुकले तर मी कुणीच उरणार नाही, असं मी मानून चालले होते. हे मला कुणी सांगितलं होतं? देवाने तर नाही.

त्या रात्री मी झोपले. गाढ झोपले, आणि सकाळी नेहमीची बस पकडली.

गुरुवारच्या मीटिंगआधी मी बायकांच्या टॉयलेटमध्ये गेले. आमच्या यार्डात बायका इन-मीन तीन, त्यामुळे ते एका कंटेनरमध्ये होतं आणि दिवसभर तापलेलं असायचं. कडी लावली आणि उभ्यानेच मोठ्याने प्रार्थना केली, मराठीत, तीही नगरच्या मराठीत. प्रभू, मला माहीत नाही तिथं भेग आहे का नाही. तुला माहिती आहे, पण तू सांगणार नाहीस, ते तुझं तुझ्यापाशी. मला दिसलं ते मी सांगणार. आता मला लाज वाटू द्यायची नाही, एवढं तू बघ. बाहेर हात धुणाऱ्या बाईला काय वाटलं असेल देव जाणे.

मीटिंगमध्ये सहा-सात जण होते. मॅनेजरने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. मी पेन काढलं आणि सहीच्या जागी लिहिलं, अल्ट्रासॉनिक तपासणी होईपर्यंत थांबवले आहे. त्याखाली माझं नाव, तारीख.

"तुम्हाला खात्री आहे भेग आहे म्हणून?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "भेग नाही याची खात्री नाही. सही त्याची मागताय तुम्ही."

"आणि पुन्हा भूत निघालं तर?"

यावेळी कुणी हसलं की नाही ते मी बघितलंच नाही. मी म्हटलं, "तर मी चुकले असेन. तसं लिहून देईन. पण शंका असताना सही नाही करणार."

माझा आवाज कापत होता. पाय मात्र स्थिर होते, हे मला अजून आठवतं, कारण मी मुद्दाम खाली बघितलं होतं. मॅनेजरने कागद उचलला, दोनदा वाचला आणि फोन करायला बाहेर गेला. दुपारी कळलं, शुक्रवारी सकाळी बाहेरून अल्ट्रासॉनिकवाला येतोय आणि बार्ज पुढे ढकलली आहे.

शुक्रवारी तो आला. तंजावरकडचा, पन्नाशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने जोड पुसला, त्यावर जेल लावलं आणि ध्वनिलहरी सोडणारा छोटा प्रोब बोटभर बोटभर सरकवत स्क्रीनकडे बघू लागला. उन्हात दोन तास हे चाललं. वेल्डर येऊन उभे राहिले, क्रेनवाला खाली उतरला, मॅनेजर छत्री घेऊन आला. मी त्याच्या खांद्यामागून स्क्रीन बघत होते. त्याने एका बाजूने तपासलं, दुसऱ्या बाजूने तपासलं, मग मी न सांगताच पुन्हा पहिल्या बाजूने.

"काही नाही," तो म्हणाला. "जोड चांगला आहे."

मी पुन्हा चुकले होते.

ही गोष्ट मी कुणाला सांगते तेव्हा लोक इथे थांबून माझ्याकडे बघतात, पुढे काहीतरी निघालं असेल या आशेने. काही निघालं नाही. ज्या क्षणाला मी तीन वर्षं भ्याले होते तो क्षण यार्डाच्या मध्यावर, सगळ्यांदेखत, भर उन्हात आला. मॅनेजर माझ्याकडे वळला. तो एकच शब्द बोलला, "भूत." मी वाट बघत होते की आता आत काहीतरी कोसळेल. चेहरा तापला, कान तापले, वाईटही वाटलं. पण कोसळलं काही नाही. मी तिथेच होते, तीच, नगरच्या कंपाउंडरची मुलगी, पायांत सेफ्टी बूट.

"हो, मी चुकले," मी म्हटलं. "रिपोर्ट द्या, आता सही करते. आणि पुढच्या वेळी अशी रेघ दिसली तर पुन्हा थांबवीन."

त्याला वाटलं मी उद्धटपणा करते आहे. थोडा होताच.

शनिवारी सुट्टी असून मी यार्डात गेले, कारण ती रेघ आली कुठून हे मला जाणून घ्यायचं होतं. फिल्म ज्या पाकिटात ठेवून काढतात त्याच्या आत शिशाचा पातळ पत्रा असतो. फिल्म काढणाऱ्या पोरांकडून सगळी पाकिटं मागून घेतली आणि एकेक उघडून बघितली. नवव्या पाकिटातल्या पत्र्यावर लांब ओरखडा होता. त्यामुळे फिल्मवर काळी रेघ उमटली होती, आणि दुसरी फिल्म दुसऱ्या पाकिटातली असल्यामुळे तिथे नव्हती. मी तो पत्रा काढून टाकला, सगळ्या पाकिटांवर नंबर घातले आणि काय चुकलं ते एका पानावर लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. खाली नाव लिहिलं. नवऱ्याला न दाखवता.

त्याचा परिणाम गोड झाला असं नाही. पुढच्या मोठ्या कामावर मुख्य म्हणून दुसऱ्याला नेमलं. पासच्या नूतनीकरणाचा अर्ज कंपनीने केला, पण अगदी शेवटच्या आठवड्यात, आणि त्या आठवड्यात आम्ही सुटकेसची मापं बघत होतो. नवऱ्याला नंतर सिंगापुरातच, पाया लेबारला, नोकरी लागली. "भूत दिसलं का" हा प्रश्न आणखी काही महिने चालला. पण आता मी हसत नव्हते. मी उत्तर द्यायची, "आज दोन फिल्म बघायच्या राहिल्यात, बघून सांगते." उत्तर मिळायला लागल्यावर विचारण्यातली मजा गेली असावी. वेल्डर मात्र स्वतःहून येऊ लागले. जोड मनासारखा झाला नसेल तर आधीच येऊन सांगायचे, मॅडम, इथे जरा नीट बघा. चूक कबूल करून उभा राहिलेला माणूस त्यांना जवळचा वाटला असेल. त्यानंतर मी किती रेघा थांबवल्या आणि त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या, ते मी मुद्दाम सांगत नाही. खऱ्या निघालेल्यांच्या जोरावर मी उभी नाही.

आंटींनी ही हकिगत आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितली आणि एका रविवारी त्यांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगायला, बोलावलं. आधी त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि जरा चाचरत विचारलं, म्हणजे भेग शेवटी नव्हतीच का? नव्हती, मी म्हटलं. ते म्हणाले, मग लोकांना याचा अर्थ कसा लागणार? मी म्हटलं, मला लागला आहे, तो सांगते. नको असेल तर मी आपली खाली बसते.

त्यांनी बोलावलं, हे त्यांचं मोठेपण. मी तीनशे माणसांपुढे माझ्या इंग्रजीत बोलले. काळ चुकले, लिंगं चुकली, एकदा शब्दच आठवेना तेव्हा मराठी शब्द वापरला आणि पुढे गेले. शेवटची प्रार्थना मराठीत केली. कुणाला कळली नाही. ज्याला करायची होती त्याला कळली.

उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एक तरुण डॉक्टर मुलगी माझ्याजवळ आली. फार मनापासून ऐकलं असावं तिने, कारण तिच्या कपाळाला आठी होती. "मला एक समजलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही चुकलात, बढती गेली, सगळे हसले. मग यात देवाने नेमकं केलं काय?"

मी म्हटलं, "सोमवारी मला परत कामावर पाठवलं."

तिला ते पुरेसं वाटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी तिला चहा ओतून दिला आणि माझा पिऊन संपवला.